नऊचे त्रेपन्न कसे झाले
बांगलादेशातले लहान मुलांचे बुडून मृत्यू आणि त्यांची मोजदाद : एक प्रकरण अभ्यास

सकाळी साडेदहा-अकराची वेळ. नवरा शेतावर, मोठी मुलगी शाळेत, चुलीवर भात रटरटतोय आणि मासे साफ करायचे राहिलेत. दीड वर्षाचं पोर आत्ताच तर दारात वाटी वाजवत बसलं होतं. आई मागे वळून हाक मारते. ओ येत नाही. ती जावेच्या घरात डोकावते, गोठ्यात बघते, आणि मग तिचं लक्ष तळ्याकडे जातं. तळं घरापासून वीस पावलांवर.

हे कुठल्या एका मुलाचं वर्णन नाही. बांगलादेशात गेल्या चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी घरोघर जाऊन विचारलं, त्यांना हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळाली. वय एक ते चार, वेळ सकाळी नऊ ते दुपारची, जागा घराजवळचं तळं किंवा डबकं, आई स्वयंपाकात. ओरडा नाही, धडपड नाही. एवढं लहान मूल पाण्यात पडलं की आवाज करत नाही, दोन-चार मिनिटांत संपतं.

तळं तिथं का असतं हेही सांगायला हवं. मेघना-पद्मेच्या सखल पट्ट्यात घर बांधायचं तर आधी जमीन उंच करावी लागते, नाहीतर पावसाळ्यात घरात पाणी. त्यासाठी माती शेजारचीच खणायची. जोतं उंचावतं आणि खणलेल्या जागी तळं होतं. त्याला तिथे पुकुर म्हणतात. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच, मासेही तिथेच. म्हणजे पुरापासून वाचवणारं घर आणि पोराला गिळणारं तळं एकाच कुदळीने तयार होतात. या पाण्याला कुंपण घाला असं शहरातून येणारा माणूस सहज सांगतो, पण दिवसातून दहा वेळा ज्या पाण्यावर जायचं त्याला कोण कुंपण घालणार?

आता या मृत्यूची नोंद कुठे होते, ते बघू.

दवाखान्यात? मूल वर काढतात तेव्हा बहुतेकदा गेलेलं असतं. आजूबाजूचे धावतात, कुणी त्याला डोक्यावर धरून गरगर फिरवतो, कुणी पोट दाबून पाणी काढू पाहतो. (आपल्याकडेही नदीकाठी हेच उपाय चालतात, आणि तितकेच निरुपयोगी असतात. अशा वेळी तोंडाने श्वास द्यायचा असतो, तो कुणी देत नाही.) मग दवाखान्यात न्यायचं कशाला? नेलंच तर ‘आणण्यापूर्वीच मृत’. जे मूल वॉर्डात दाखल झालंच नाही, ते वॉर्डाच्या आकडेवारीत येत नाही.

पोलिसात? बांगलादेशात १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता चालते. तिच्या कलम १७४ खाली अनैसर्गिक मृत्यूची चौकशी होते. आपल्याकडेही परवापर्यंत हाच क्रमांक होता. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो १९४ झाला. पोलीस आले की पंचनामा आणि कदाचित शवविच्छेदन. दीड वर्षाच्या लेकराची चिरफाड कुठल्या बापाला हवी असते? दफन संध्याकाळच्या आत व्हायला हवं. गावातली चार जाणती माणसं म्हणतात, अपघातच आहे, कशाला बोलवायचं. आणि ते बरोबरच असतं.

युनियन परिषदेत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत? जन्म-मृत्यू नोंदणीचा नवा कायदा २००४चा. पण मृत्यूचा दाखला लागतो कशाला? वारस लावायला, पेन्शन बंद करायला, विम्याला. दीड वर्षाच्या मुलाच्या नावावर यातलं काही नसतं. ज्या कागदाचा कुणाला उपयोग नाही, त्यासाठी कुणी दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहत नाही.

वर्तमानपत्रात? तीन बहिणी एकदम बुडाल्या तर येतं. एकटं पोर बुडालं तर तालुक्याच्या वार्ताहरालाही ते रोजचंच.

चार वह्या, आणि चारही कोऱ्या. यातली विचित्र गोष्ट ही की बुडून झालेला मृत्यू ओळखायला डॉक्टरही लागत नाही. न्यूमोनिया की मलेरिया, यावर तज्ज्ञांचं एकमत होणार नाही. पण मूल बुडून गेलं हे आईला ठाऊक असतं, आजीला असतं, सगळ्या गावाला असतं. निदानात इतकं सोपं आणि नोंदीत इतकं बेपत्ता असं मृत्यूचं दुसरं कारण मला तरी आठवत नाही.

मतलब नावाचं गाव

पाचवी वही एकाच ठिकाणी होती. ढाक्याच्या आग्नेयेला, साधारण पंचावन्न किलोमीटरवर चांदपूर जिल्ह्यात मतलब नावाचा भाग आहे. (नाव ऐकून मराठी माणसाला हसू येणारच. पण या प्रकरणात आकड्यांचा खरा मतलब तिथेच कळला, म्हणून नाव शोभतंही.) कॉलऱ्यावर संशोधन करायला आलेल्या मंडळींनी १९६३मध्ये इथे तळ टाकला आणि १९६६पासून या भागातल्या प्रत्येक घरातला जन्म, मृत्यू, लग्न आणि स्थलांतर टिपायला सुरुवात केली. आज ‘आयसीडीडीआर,बी’ नावाने जगभर ओळखली जाणारी संस्था ती वही अजून चालवते. इतकी जुनी आणि सलग लोकसंख्या-नोंद गरीब देशांत फार कमी ठिकाणी सापडेल.

पद्धत साधी आणि कष्टाची. गावातलीच शिकलेली बाई कार्यकर्ती म्हणून नेमायची. ती ठरावीक दिवसांनी प्रत्येक घरी जाणार. घरातल्या बायका तिला आपा म्हणतात, म्हणजे ताई. आपाला कोण पोटुशी आहे, कोण माहेरी गेलंय, कोण आजारी आहे हे माहीत असतं, त्यामुळे मागच्या खेपेला दारात रांगणारं पोर या खेपेला दिसलं नाही तर ती विचारणारच. मृत्यू झाला असेल तर घरच्यांशी बोलून शेवटच्या दिवसांची हकीगत लिहून घ्यायची आणि तिच्यावरून कारण ठरवायचं. याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. चाकू न लावता, तोंडी चौकशीतून केलेलं शवविच्छेदन. हृदयविकार, कर्करोग अशा कारणांत ही पद्धत बऱ्यापैकी चुकते. बुडण्यात ती फारशी चुकत नाही, कारण सांगणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

कॉलरा मोजायला ठेवलेल्या या वहीत हळूहळू दुसरंच काही दिसू लागलं. १९८३मध्ये एक ते चार वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बुडून गेलेल्यांचं प्रमाण ९ टक्के होतं. २०००मध्ये ते ५३ टक्के झालं.

हा आकडा पहिल्यांदा वाचणारा दचकतो. सतरा वर्षांत असं काय झालं की मुलं पटापट बुडू लागली? पूर वाढले? आया निष्काळजी झाल्या? असे निष्कर्ष काढणारे लोक निघालेही असतील. मी हा आकडा जेव्हा जेव्हा कुणासमोर ठेवतो, तेव्हा दहातले आठ जण आधी आईला दोषी ठरवतात.

कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून बघा. समजा तेव्हा शंभर मुलं दगावत होती, त्यातली नऊ बुडून आणि एक्क्याण्णव गोवर, हगवण, न्यूमोनिया, कुपोषणाने. आता बुडणारी नऊच ठेवा, एकही वाढवू नका. बाकीची एक्क्याण्णव मात्र आठवर आणा. एकूण सतरा. सतरातले नऊ म्हणजे ५३ टक्के. नऊचे त्रेपन्न झाले आणि एकही जादा मूल बुडालं नाही! खरा बदल इतका टोकाचा आणि नेमका नव्हता, हे उदाहरण मुद्दाम सोपं केलंय. पण घडलं ते याच जातीचं. बुडण्याचा दर जवळपास जागच्या जागी राहिला आणि बाकीची कारणं त्याच्याभोवतून वितळून गेली.

ती वितळली कशी, हा बांगलादेशाचा अभिमानाचा भाग आहे. १९७१च्या निर्वासित छावण्यांत, सीमेच्या अलीकडे बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे रुग्ण वाचवून दाखवले. पुढे १९८०च्या दशकात ‘ब्रॅक’ संस्थेच्या बायका घरोघर गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा लिटर पाणी हे सूत्र त्यांनी एक कोटीहून अधिक घरांत आयांच्या हाताने करून घेतलं. मग लसीकरण आलं. गोवर आणि हगवण मागे हटली. ओहोटी लागल्यावर खडक दिसावा तसं बुडणं दिसू लागलं. खडक आधीपासून तिथंच होता.

म्हणून मृत्यूच्या बातमीत ‘टक्के’ दिसले की मी आधी बघतो, कशाचे टक्के. एकूण मृत्यूंतला वाटा आणि दर लाख मुलांमागचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटा वाढला म्हणून धोका वाढला असं होत नाही. आणि उलटही खरं आहे, वाटा घटला म्हणून मुलं सुरक्षित झाली असं नाही.

आठ लाख लोकांना विचारलं तेव्हा

मतलब म्हणजे काही सगळा देश नव्हे. शंकेखोरांचा मुद्दा रास्त होता: तो भाग नद्यांचा आहे, तिथे मुलं बुडणारच, देशभर तसं कशावरून? उत्तर मिळायला २००३ साल उजाडावं लागलं. बांगलादेश आरोग्य आणि इजा सर्वेक्षणात १,७१,३६६ घरं आणि ८,१९,४२९ माणसं गाठण्यात आली. सरकारचा आरोग्य विभाग, ढाक्याची बाल व मातृ आरोग्य संस्था, युनिसेफ आणि ‘द अलायन्स फॉर सेफ चिल्ड्रन’ ही संस्था यात होत्या. ही शेवटची संस्था पीट पीटरसन यांनी उभी केलेली. हे गृहस्थ व्हिएतनाम युद्धात वैमानिक होते, तिथे सहा वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिले आणि पुढे त्याच देशात अमेरिकेचे राजदूत म्हणून परतले. व्हिएतनाममध्ये मुलं अपघातात किती मरतात हे पाहून त्यांनी हा विषय हाती घेतला.

एवढा मोठा नमुना लागतो तरी कशाला? या वयातल्या एक लाख मुलांमागे वर्षाला ८० ते ९० मुलं बुडत असतील, तर दहा हजार मुलांच्या पाहणीत आठ-नऊ सापडतील. एखादा कमी-जास्त झाला तरी निष्कर्ष डगमगतो. आठ लाख माणसांत एक ते चार वयाची मुलं अंदाजे दहावा हिस्सा धरली, तर बुडून गेलेली मुलं वर्षाला सत्तरच्या आसपास हाती लागतात. सत्तर मृत्यू नीट समजून घेण्यासाठी पावणेदोन लाख दारं ठोठवायची. नेहमीच्या आरोग्य पाहण्यांत हे दिसलं नाही याचं एक कारण हे, आणि दुसरं कारण म्हणजे वयाची पट्टी.

जगाचा सगळा हिशेब पाच वर्षांखालच्या मुलांचा. त्या पट्टीत जन्मल्यापासून महिनाभरात जाणारी बाळं इतकी असतात की त्यांच्या आकड्याखाली बाकी सगळं दबून जातं. महिन्याचं बाळ पाण्यात चालत जात नाही. चालायला लागलेलं जातं. म्हणून एक ते चार ही पट्टी वेगळी काढली की बुडणं एकदम वर येतं, आणि पाचाखालची सगळी एकत्र केली की ‘इतर इजा’ अशा एखाद्या ओळीत बेपत्ता होतं. पट्टी कुठे कापायची हा वरवर कारकुनी निर्णय वाटतो.

सर्वेक्षणातून निघालेलं चित्र असं: एक ते सतरा वयाची जवळपास १७ हजार मुलं वर्षाला बुडून मरतात, रोजची सेहेचाळीस. एक ते चार वयात दर लाखामागे ८६.३. या देशात एक वर्षावरच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण कुठला जंतू नव्हता, पाणी होतं. चीन, थायलंड, व्हिएतनाम, कंबोडियातही याच धर्तीची सर्वेक्षणं झाली. २०१२मध्ये युनिसेफच्या संशोधन केंद्राने ती एकत्र मांडली, तेव्हा एक ते चार वयाच्या दर चार मृत्यूंतला सुमारे एक बुडून होतो असं निघालं.

२०१६मध्ये बांगलादेशाने पुन्हा तसंच सर्वेक्षण केलं. सगळ्या वयांचे मिळून वर्षाला १९,२४७ मृत्यू, त्यातली १४,४३८ अठरा वर्षांखालची. रोजची चाळीस. एक ते चारचा दर ७१.७. म्हणजे तेरा वर्षांत ८६ वरून ७२, साधारण सतरा टक्क्यांची घट. याच सुमारास देशातला पाच वर्षांखालचा मृत्युदर हजारी ८८ वरून ४५ वर, निम्म्यावर आला होता. बाकीच्या कारणांनी घोडदौड केली, हे कारण बैलगाडीने आलं. आणि ही तुलना करता येते ती एवढ्याचसाठी की दोन्ही वेळा प्रश्न सारखेच विचारले होते.

जगाचा आकडा

जागतिक आरोग्य संघटनेचा बुडण्यावरचा पहिला जागतिक अहवाल २०१४चा. त्यात वर्षाला ३,७२,००० मृत्यू. पुढे २०१९साठी २,३६,००० हा आकडा फिरू लागला. मग १३ डिसेंबर २०२४ला नवा अहवाल आला आणि त्यात २०२१साठी ३,००,०००. तीन आकडे एका ओळीत मांडून कुणी आलेख काढला तर दिसेल की मृत्यू धाडकन उतरले आणि पुन्हा चढले. पण तोच २०२४चा अहवाल सांगतो की २०००पासून बुडण्याचा जागतिक दर ३८ टक्क्यांनी घटलाय. मग खरं काय?

तीन आकडे तीन वेगवेगळ्या मापांनी काढलेत, एवढंच खरं. दर वेळी नवी माहिती येते, अंदाज बांधायची रीत सुधारते, मागची सगळी वर्षं नव्याने मोजली जातात. ३८ टक्क्यांची घट एकाच रीतीने काढलेल्या मालिकेतली आहे, म्हणून ती धरायची. जुन्या अहवालातला आकडा नव्या अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. बातम्यांत हे सर्रास होतं.

त्या घटीच्या पोटातही मोठी विषमता आहे. युरोप विभागात दर ६८ टक्क्यांनी उतरला, आफ्रिका विभागात अवघा ३ टक्क्यांनी, आणि तिथला दर जगात सर्वांत जास्त, लाखामागे ५.६. दहातले नऊहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. आता गंमत बघा, किंवा गंमत म्हणू नका: जिथे सर्वांत जास्त माणसं बुडतात तिथेच नोंद सर्वांत कच्ची. त्या देशांचे आकडे मोजलेले कमी आणि बांधलेले जास्त. आफ्रिकेतली ती ३ टक्के घट म्हणजे खरंच काही बदललं नाही, की बदललेलं दिसण्याइतकी माहितीच नाही? मला हा प्रश्न अहवालातल्या कुठल्याही तक्त्याहून मोठा वाटतो.

जिथे नोंदी पक्क्या, तिथली अडचण निराळी. मृत्यूच्या कारणांना जगभर जे संकेतांक देतात, त्याच्या दहाव्या आवृत्तीत अपघाताने बुडणं डब्ल्यू ६५ ते डब्ल्यू ७४ या क्रमांकांत आहे. बाथटबमध्ये बुडाला तर डब्ल्यू ६५, तरणतलावात डब्ल्यू ६७, नदी-समुद्रात डब्ल्यू ६९. पण बोट उलटून बुडाला तर तो जलवाहतूक अपघात, व्ही ९०. पुरात वाहून गेला तर नैसर्गिक आपत्ती, एक्स ३८. जीव दिला तर एक्स ७१. उडी मारली की तोल गेला हे कळलंच नाही तर वाय २१. २०१४चा जागतिक अहवाल यातली पहिलीच रांग धरून चालला होता. बांगलादेशासारख्या देशात, जिथे लाँच उलटतात आणि पूर येतात, बोट आणि पूर बाजूला ठेवून बुडण्याचा आकडा सांगणं म्हणजे समुद्रातली भरती वगळून पाण्याची उंची सांगण्यासारखं झालं.

त्या डिसेंबरच्या अहवालानंतर पाचच दिवसांनी, १८ डिसेंबर २०२४ला, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. या संकेतांकांच्या भाषेत त्यांची जागा व्ही ९०च्या खान्यात. भूमध्य समुद्राचा प्रकार तर याहून अवघड. जून २०२३मध्ये ग्रीसच्या पायलोसजवळ ‘आद्रियाना’ ही मासेमारी नौका बुडाली. तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसं होती असा अंदाज. १०४ वाचली, ८२ मृतदेह मिळाले. उरलेली शेकडो माणसं ना ग्रीसच्या मृत्यू-नोंदीत, ना ती ज्या गावांतून निघाली तिथल्या. मृतदेह नाही तर दाखला नाही.

पदर

बांगलादेशात मोजणीतून पुढे काय निघालं, हा या प्रकरणाचा सर्वांत समाधानाचा भाग. मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात, कारण तेव्हा घरात लक्ष ठेवायला माणूस नसतं, हे आकड्यांनी सांगितलं. मग उपायही त्याच चार तासांवर बेतला. गावातल्याच एका बाईच्या घरात पंचवीसेक मुलं सकाळी नऊला गोळा करायची, गाणी-खेळ घ्यायचे आणि दुपारी एकला घरी सोडायची, आठवड्यातले सहा दिवस. या पाळणाघराला नाव दिलं ‘आंचल’. म्हणजे आपला पदर. सांभाळणाऱ्या बाईला म्हणतात आंचल मा. त्यापुढच्या वयासाठी ‘स्विमसेफ’ नावाचा पोहण्याचा वर्ग. गावच्याच तळ्यात बांबूंचा मचाण बांधून पोराला पंचवीस मीटर पोहता आणि अर्धा मिनिट तरंगता येईपर्यंत शिकवायचं.

ते मचाण पाहिल्यावर मला आमच्या गावची विहीर आठवते. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा डबा बांधून काका वरून ढकलून द्यायचे. शिकलो आम्ही. पण ज्या वर्षी ढकलायला काका नसायचे त्या वर्षीची पोरं शिकली नाहीत, आणि मुलींना तर कुणी ढकललंच नाही.

रायगंज, शेरपूर आणि मनोहरदी या भागांत २००६ ते २०१० दरम्यान हे दोन्ही राबवलं गेलं आणि निकाल २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. आंचलमध्ये आलेल्या मुलांत बुडून मृत्यूचा धोका न आलेल्यांच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटला, पोहायला शिकलेल्यांत ९० टक्क्यांहून अधिक. आकडे देखणे आहेत, म्हणून थोडं थांबायला हवं. पोराला वर्गाला पाठवणारं घर मुळातच जास्त काळजी घेणारं असू शकतं. चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली नव्हती. तरीही एवढा मोठा फरक सगळाच निवडीतून येईल असं मला वाटत नाही, आणि आंचलचं गणित तर कुणालाही पटेल असं आहे: ज्या तासांत मूल बुडतं त्या तासांत ते तळ्याजवळ नसतं.

२८ एप्रिल २०२१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्यावरचा पहिला ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस त्यासाठी ठरवला. ठराव पुढे नेणारे देश दोन, बांगलादेश आणि आयर्लंड. ज्या देशाने स्वतःचा लाजिरवाणा आकडा स्वतः शोधून काढला, त्यानेच तो जगाच्या टेबलावर ठेवला. आकडे लपवण्याची सवय असलेल्या आपल्या उपखंडात हे विरळाच.

आपलं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२मध्ये भारतात बुडून ३८,५०३ मृत्यू दाखवलेत. हा आकडा पोलीस ठाण्यांतून येतो, म्हणजे जिथे अकस्मात मृत्यूची, आपल्या भाषेत ‘ए.डी.’ची नोंद झाली तेवढाच. त्यात पोटभाग तीन: बोट उलटणं, पाण्यात पडणं आणि इतर. पुरात गेलेले निसर्गाच्या कोपाखाली वेगळे. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६मध्ये आली. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या त्या तळ्याच्या उतारावर मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही, आणि दर उन्हाळ्यात शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. एकूण किती? त्या तक्त्यात शेततळ्याला रकानाच नाही. पाण्यासाठी खणलेलं तळं आणि जोत्यासाठी खणलेलं तळं यांत पोराच्या दृष्टीने काही फरक नसतो.

आणि जिथे घरोघर विचारलं गेलं तिथे आपल्याकडेही चित्र पालटलं. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात ‘जॉर्ज इन्स्टिट्यूट’ आणि ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ यांनी गावकऱ्यांना बसवून आठवणीतून मृत्यू गोळा केले. एक ते चार वयात लाखामागे २४३.८. बहुतेक घरापासून पन्नास मीटरच्या आतल्या तळ्यांत. हा दर बांगलादेशाच्या राष्ट्रीय दराच्या तिपटीहून जास्त आहे, पण ती तुलना लावायची नाही. एक अख्खा देश आहे, दुसरा खाड्यांनी चिरलेला एक कोपरा. लावायची तर ती सुंदरबनची पोलीस ठाण्यांतल्या नोंदींशी.

फेब्रुवारी २०२२मध्ये ढाक्यात सरकारने सोळा जिल्ह्यांसाठी योजना मंजूर केली: आठ हजार पाळणाघरं, त्यात एक ते पाच वयाची दोन लाख मुलं, आणि सहा ते दहा वयाच्या तीन लाख साठ हजार मुलांना पोहणं. खर्च सुमारे २७२ कोटी टका, त्यातला चार पंचमांश सरकारचा. या योजनेने मृत्यू किती घटले हे सांगायला पुन्हा मोठं सर्वेक्षण करावं लागेल, कारण त्या चार जुन्या वह्यांवर अजून विसंबता येत नाही. पण योजना कागदावर आहे तशी उतरली तर एक नवी वही आपसूक तयार होते. आठ हजार घरं, प्रत्येकी पंचवीस नावं. रोज सकाळी नऊला हजेरी होणार, आणि एखादं नाव गळलं तर ते आंचल माला त्याच सकाळी कळणार. शुक्रवारी सुट्टी.